गव्हाच्या प्रांतातली डॉक्टरपट्टी

कॅनडाच्या मध्यावर, अमेरिकेच्या सीमेला टेकून सस्कॅचवान नावाचा प्रांत आहे. विस्तार महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक, आणि माणसं १९६१ च्या जनगणनेत अवघी ९ लाख २५ हजार. दक्षिणेकडचा भाग म्हणजे गव्हाचं सपाट माळरान. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंश उतरतो, रस्ते बर्फाखाली जातात. शेजाऱ्याचं घर मैलभर लांब असतं, डॉक्टर तर त्याहून कितीतरी दूर. सर्वांसाठी आरोग्यसेवा द्यायची तर कर वाढवावेच लागतात का, या प्रश्नावर जगभर बरीच शाई खर्च झाली आहे. या थंड, कर्जबाजारी आणि बऱ्यापैकी गरीब प्रांताने त्याचं उत्तर कुठल्या सिद्धांतावरून शोधलं नाही. पन्नास वर्षं पट्टी भरत भरत शोधलं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या सुमाराची गोष्ट. सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेच्या हद्दीतल्या शेतकऱ्यांना आपला डॉक्टर हातचा जाईल अशी भीती वाटू लागली. अशा वस्त्यांमधली अडचण सगळीकडे एकच होती. गहू वर्षातून एकदा विकला जायचा, आजारपण मात्र कधीही यायचं. बिलं थकायची, काही बुडायची, आणि डॉक्टर कंटाळून शहराची वाट धरायचा. पालिकेने तोडगा काढला तो असा: डॉक्टरला वर्षाला १५०० डॉलरचं ठरीव मानधन द्यायचं आणि ते जमिनीवरच्या पट्टीतून उभं करायचं. कायद्यात अशी तरतूद नव्हती. ज्या कामाला परवानगी नव्हती ते आधी झालं आणि १९१६ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने त्याला मागाहून कायद्याचं रूप दिलं. त्याच वर्षी दुसरा कायदा आला. शेजारशेजारच्या पालिकांनी एकत्र येऊन रुग्णालय बांधावं आणि त्याचा खर्च पट्टीतून भागवावा, अशी सोय त्याने केली.

हे शेतकरी समाजवादी नव्हते, निदान तेव्हा तरी नव्हते. पण एकट्याने भागत नाही हे त्यांना माळरानानेच शिकवलं होतं. टेलिफोनच्या तारा त्यांनी गावागावांतून वर्गणी काढून ओढल्या होत्या, आणि पुढे १९२४ मध्ये गहू विकण्यासाठी प्रांतभर सहकारी संघ उभा केला. डॉक्टरपट्टी त्याच रांगेतली. शिवाय ती भरणाऱ्याला पैसा कुठे जातो ते डोळ्यांनी दिसत असे. डॉक्टरची गाडी दारात उभी राहिली की पट्टीचा हिशेब वेगळा विचारायची गरज उरत नसे.

क्षयाच्या बाबतीत प्रांत आणखी पुढे गेला. फोर्ट क्वापेल इथे १९१७ मध्ये क्षय-आरोग्यधाम सुरू झालं होतं. क्षयाचा उपचार महिनोन् महिने चालायचा आणि चांगल्या खात्यापित्या कुटुंबालाही तो धुळीला मिळवायचा. १९२९ मध्ये सस्कॅचवानने क्षयाचे उपचार सर्वांना मोफत केले. कॅनडात तसं करणारा तो पहिला प्रांत. त्याचा मोठा भार पालिकांच्या पट्टीनेच उचलला.

आणि लगेच मंदी आली. सोबत सलग दुष्काळ, धुळीची वादळं, टोळ. १९२८ ते १९३३ या पाच वर्षांत प्रांताचं दरडोई उत्पन्न ७० टक्क्यांहून अधिक घसरलं. डॉक्टरांना फीऐवजी कोंबड्या, बटाटे, सरपण मिळू लागलं. पट्टीवर मानधन ठरलेल्या डॉक्टरांचंही बरं चाललं नव्हतं, कारण सगळं गावच नागवलं गेलं तर पट्टी भरणार कोण? गावापुरती पट्टी एखाद्या घरावर आलेलं संकट सोसू शकते. सगळ्या गावावर आलेलं संकट तिला पेलत नाही. पुढच्या तीस वर्षांचा सस्कॅचवानचा प्रवास या एका अनुभवातून उलगडतो. पट्टी किती, या वादापेक्षा ती किती दूरवर पसरवायची हाच तिथला खरा प्रश्न होऊन बसला.

मॅक्किलप पालिकेचा अध्यक्ष मॅथ्यू अँडरसन हा नॉर्वेहून आलेला शेतकरी. त्याचा आक्षेप वेगळ्या जागी होता. पट्टी जमिनीवर बसते, म्हणजे जमीनदाराने भरायची. मजूर, दुकानदार, शिक्षक यांना सेवा मिळते पण ते काही देत नाहीत. त्याने डोईपट्टीची योजना मांडली आणि वर्षानुवर्षं तिचा पाठपुरावा केला. १९३९ मध्ये तसा कायदा झाला आणि लोक त्याला अँडरसनच्याच नावाने ओळखू लागले. डोईपट्टीत गरीब-श्रीमंत सारखेच भरडले जातात, ही तिची उघड खोट आहे. पण अँडरसनला हवा होता तो मुद्दा साधला: सेवा सर्वांना, तर वाटाही सर्वांचा.

१९४४ च्या जूनमध्ये प्रांतात निवडणूक झाली. ‘को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन’ या शेतकरी-कामगारांच्या पक्षाने ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. उत्तर अमेरिकेतलं हे पहिलं समाजवादी सरकार. मुख्यमंत्री टॉमी डग्लस हा बाप्टिस्ट धर्मोपदेशक होता. जन्म स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कचा, बालपण विनिपेगमध्ये. लहानपणी त्याच्या पायाच्या हाडाला संसर्ग झाला होता आणि पाय कापायची वेळ आली होती. घरची ऐपत नव्हती. एका नामांकित शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही केस फुकट घेतली म्हणून पाय वाचला. डग्लस ही गोष्ट आयुष्यभर सांगत राहिला. डॉक्टरच्या उपकाराबद्दल त्याला कृतज्ञता होती, पण एका मुलाचा पाय असा योगायोगावर सोपवणं त्याला पटत नव्हतं.

मुख्यमंत्री झाल्यावर आरोग्यखातं त्याने स्वतःकडेच ठेवलं आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले वैद्यकाचे इतिहासकार हेन्री सिगरिस्ट यांना पाहणीसाठी बोलावलं. सिगरिस्टनी सप्टेंबरमध्ये प्रांत पालथा घातला आणि आटोपशीर अहवाल दिला. भारतीय वाचकाला इथे थोडं थांबावंसं वाटेल, कारण त्याच वर्षअखेरीस हेच सिगरिस्ट भारतात आले होते. सर जोसेफ भोर यांच्या आरोग्य समितीने सल्ल्यासाठी बोलावलेल्या परदेशी तज्ज्ञांत ते एक होते. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हा भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाचा गाभा होता. एकाच वर्षी एकाच माणसाने पाहिलेल्या या दोन प्रदेशांपैकी एकाने त्या विचारासाठी पैसा उभा केला. दुसऱ्याने अहवाल छापला.

अर्थात पैसा आकाशातून पडला नाही. डग्लसची सुरुवातीची आशा ओटावाच्या केंद्र सरकारवर होती. १९४५-४६ मध्ये केंद्र आणि प्रांत यांच्या परिषदेत आरोग्यविम्याच्या खर्चाचा वाटा उचलायची तयारी केंद्राने दाखवली. पण करांचे अधिकार कोणाकडे राहावेत यावर ओंटारिओ आणि क्विबेक अडून बसले आणि सगळाच बेत फिसकटला. मग प्रांताने एकट्याने जायचं ठरवलं.

त्याआधी एक रंगीत तालीम झाली. नैऋत्येचा स्विफ्ट करंट हा भाग प्रांतातला सगळ्यात कोरडा, मंदीने सगळ्यात पिचलेला. तिथल्या एका पालिकेचा चिटणीस विल्यम बुराक याने शेजारच्या पालिकांना पत्रं धाडली, सभा भरवल्या, वर्तमानपत्रांत लिहिलं. लोकांनी मतदानाने कौल दिला आणि १ जुलै १९४६ पासून त्या सगळ्या परिसरात डॉक्टर आणि रुग्णालय दोन्हींची सेवा पूर्वभरणा पद्धतीने सुरू झाली. थोडी डोईपट्टी, थोडी जमिनीवरची पट्टी. ज्या भागात डॉक्टर टिकत नव्हते तिथे ते येऊन राहू लागले, कारण इथे बिल बुडत नव्हतं. पुढे जेव्हा ‘असं चालूच शकत नाही’ असं कोणी म्हणे, तेव्हा सरकार स्विफ्ट करंटकडे बोट दाखवी.

१ जानेवारी १९४७ ला सस्कॅचवानची रुग्णालय योजना लागू झाली. वर्षाला माणशी ५ डॉलर, कुटुंबाला कितीही माणसं असली तरी कमाल ३० डॉलर. वर्गणी सक्तीची. कार्ड दाखवलं की रुग्णालयातला मुक्काम, शस्त्रक्रिया-कक्ष, क्ष-किरण, सगळं त्यात आलं. उत्तर अमेरिकेत अशी सार्वत्रिक योजना तोवर नव्हती.

खर्च अंदाजाबाहेर गेला. जायचाच होता. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेले हर्निया, गर्भाशयाचे विकार, मुलांचे टॉन्सिल एकदम बाहेर आले, खाटा कमी पडू लागल्या. पाच डॉलरात भागेना, तेव्हा वर्गणी वाढली आणि प्रांताच्या सर्वसाधारण तिजोरीतूनही भर घालावी लागली. १९५० मध्ये सरकारने आणखी एक पाऊल उचललं. १९३७ पासून शिक्षणासाठी २ टक्के विक्रीकर होता. तो ३ टक्के केला, वाढीव टक्का रुग्णालयांना दिला आणि कराच्या नावातही शिक्षणाशेजारी त्याची नोंद केली. भारतीय करदात्याला हे ओळखीचं वाटेल. २०१८ पासून आपल्या प्राप्तिकरावर ४ टक्के ‘आरोग्य आणि शिक्षण उपकर’ बसतो. फरक एवढाच की उपकराच्या रकमेत राज्यांना वाटा मिळत नाही, आणि सरकारी दवाखाने चालवायचं काम मुख्यतः राज्यांचं आहे. सस्कॅचवानमध्ये कर गोळा करणारं सरकार आणि रुग्णालयाचं बिल भरणारं सरकार एकच होतं.

डग्लसच्या यशात एका रुक्ष माणसाचा वाटा मोठा आहे, आणि त्याचं नाव सहसा कोणी घेत नाही: क्लॅरन्स फाइन्स, १९४४ ते १९६० पर्यंतचा अर्थमंत्री. दरवर्षी जमाखर्चाचा मेळ घालायचा आणि जुनं कर्ज फेडत राहायचं हा त्याचा धर्म. समाजवादी सरकारच्या खजिन्यावर बसलेला हा माणूस एखाद्या पतपेढीच्या मॅनेजरसारखा कंजूष होता. डॉक्टरी सेवेचा विमा पक्षाच्या जाहीरनाम्यात पहिल्यापासून होता, पण तिजोरी परवडेल असं म्हणेपर्यंत सरकार चौदा वर्षं थांबलं. ती वेळ आली १९५८ मध्ये. केंद्राने आदल्या वर्षी केलेल्या कायद्यानुसार १ जुलैपासून प्रांतांच्या रुग्णालय-विम्याचा साधारण निम्मा खर्च ओटावा उचलू लागलं. सस्कॅचवान अकरा वर्षं जो भार एकट्याने वाहत होता तो हलका झाला, आणि मोकळ्या झालेल्या पैशांचं काय करायचं हे डग्लसने आधीच ठरवलेलं होतं.

डिसेंबर १९५९ मध्ये त्याने रेडिओवरून डॉक्टरी सेवेच्या विम्याची घोषणा केली. १९६० ची निवडणूक याच मुद्द्यावर लढवली आणि जिंकली. नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा झाला. तोवर डग्लस नव्या राष्ट्रीय पक्षाचं नेतृत्व करायला निघून गेला होता आणि वुड्रो लॉइड हा पेशाने शिक्षक असलेला शांत गृहस्थ मुख्यमंत्री झाला होता. पैशांची सोय अशी केली: वर्गणी एकट्याला वर्षाला १२ डॉलर, कुटुंबाला २४, विक्रीकर ३ टक्क्यांवरून ५ टक्के, शिवाय प्राप्तिकर आणि कंपनीकर यांवरही जादा आकारणी. काही लपवाछपवी नव्हती. सेवा फुकट मिळणार असं सरकार म्हणत नव्हतं. पैसे आधी भरायचे, आजारी पडल्यावर नाही, एवढंच ते सांगत होतं.

गंमत म्हणजे प्रांतात आग पेटली ती या करांवरून नाही. ती डॉक्टरांनी पेटवली, आणि त्यांचा मुद्दा होता की पैसा सरकारच्या हातून यायला नको. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला याच डॉक्टरांची संघटना सरकारी विम्याला अनुकूल होती, कारण मंदीत बुडालेली बिलं आठवणीत ताजी होती. मधल्या काळात डॉक्टरांनी स्वतः चालवलेल्या ऐच्छिक विमायोजना शहरांत जम धरून बसल्या आणि बिलं वसूल होऊ लागली. ज्यांना वर्गणी परवडत नव्हती ते या योजनांबाहेर होते. त्यांची चिंता संघटनेला पूर्वीएवढी राहिली नव्हती. सरकारने आपल्या कामात ढवळाढवळ करू नये, ही डॉक्टरांची भीती खोटी होती असं म्हणता येत नाही. पण त्या भीतीच्या आधाराने त्यांनी जे केलं ते टोकाचं होतं.

१ जुलै १९६२ ला कायदा लागू झाला आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपं लावली. काही रुग्णालयांत तातडीची सेवा तेवढी चालू होती. पहिल्याच दिवशी आजारी तान्ह्या बाळाला घेऊन एक कुटुंब डॉक्टरच्या शोधात मोटारीतून फिरलं. मदत मिळेपर्यंत बाळ गेलं. जगभरचे बातमीदार प्रांताच्या राजधानीत, रिजायनात, येऊन थडकले. ‘आमचे डॉक्टर राखा’ अशा नावाच्या समित्या गावोगाव निघाल्या. ११ जुलैला विधानभवनासमोर त्यांनी प्रचंड सभा बोलावली. आयोजक चाळीस हजार माणसं येतील म्हणत होते, आली चार-पाच हजार. विरोधी लिबरल पक्षाचा नेता रॉस थॅचर याने कॅमेऱ्यांसमोर सभागृहाच्या बंद दारावर लाथ मारली. ते छायाचित्र त्याला पुढे जन्मभर चिकटलं.

इकडे सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणवले. सॅस्कटूनमध्ये नागरिकांनी वर्गणी काढून स्वतःचा दवाखाना थाटला आणि ३ जुलैलाच तो सुरू केला. सार्नियाच्या शेतकऱ्यांना ही तऱ्हा अनोळखी वाटली नसती. शेवटी ब्रिटिश सरदार-सभेतले डॉक्टर लॉर्ड टेलर मध्यस्थीला आले. रुसून निघून जायचं नाटक करत, दोन्ही बाजूंमध्ये निरोप पोचवत त्यांनी २३ जुलैला समझोता घडवला. डॉक्टर सरकारचे नोकर होणार नाहीत, सेवेमागे फी घेतील, हवं तर जुन्या ऐच्छिक संस्थांमार्फत बिल पाठवतील. पैसा मात्र सार्वजनिक निधीतून येईल. तेवीस दिवसांचा संप संपला. वर्षभरातच सस्कॅचवानच्या डॉक्टरांचं सरासरी उत्पन्न देशातल्या सर्वाधिक उत्पन्नांच्या रांगेत जाऊन बसलं.

सरकारला मात्र किंमत मोजावी लागली. डग्लस १९६२ च्या केंद्रीय निवडणुकीत रिजायनातच पडला. १९६४ मध्ये प्रांतातली सत्ताही गेली आणि थॅचर मुख्यमंत्री झाला. त्याने योजना मोडली नाही, मोडण्याची त्याची छाती झाली नाही. पण १९६८ मध्ये खर्च आवरायचा म्हणून त्याने कर वाढवण्याऐवजी रुग्णाच्या खिशात हात घातला: डॉक्टरकडे गेलं की दीड डॉलर, रुग्णालयात राहिलं की सुरुवातीला दिवसाला अडीच डॉलर. उगाच चकरा मारणाऱ्यांना चाप बसेल असा हिशेब होता. आर. जी. बेक या अर्थतज्ज्ञाने नंतर आकडे तपासले. गरिबांचं डॉक्टरकडे जाणं सुमारे १८ टक्क्यांनी घटलं होतं. एकूण लोकसंख्येतली घट त्याच्या निम्म्याहून कमी होती. चाप बसला होता, पण उगाच चकरा मारणाऱ्याला नव्हे, दीड डॉलर जड जाणाऱ्याला. १९७१ मध्ये थॅचर हरला आणि नव्या सरकारने ही फी रद्द केली. १९७४ मध्ये तर वर्गणीही गेली. सगळा भार करांवर आला, म्हणजे ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यावर जास्त.

दरम्यान पट्टी प्रांताची सीमा ओलांडून गेली होती. न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने १९६४ मध्ये सस्कॅचवानची पद्धत साऱ्या देशाला लागू करावी असं सुचवलं. ज्या पुराणमतवादी पंतप्रधानाने त्यांना नेमलं त्याला बहुधा हे अपेक्षित नसावं. १९६६ च्या डिसेंबरात संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने कायदा १७७ विरुद्ध २ मतांनी मंजूर केला. अंमलबजावणी देशाच्या शताब्दीच्या मुहूर्तावर, १ जुलै १९६७ ला व्हायची होती. पैसे नाहीत म्हणून अर्थमंत्र्यांनी ती वर्षभर ढकलली. मग ओटावाने करपात्र उत्पन्नावर २ टक्के, कमाल १२० डॉलर, असा ‘सामाजिक विकास कर’ बसवला. नावात आरोग्याचा उल्लेखही नव्हता आणि ज्या प्रांतांनी अजून योजना घेतली नव्हती त्यांच्या नागरिकांनाही तो भरावा लागत होता. ओंटारिओचे मुख्यमंत्री जॉन रोबार्ट्स यांनी त्याविरुद्ध थयथयाट केला आणि मग मुकाट्याने योजनेत सामील झाले. आपल्या लोकांचा कर जातोच आहे तर बदल्यात काही का घेऊ नये, हा त्यांचा हिशेब. १९७२ पर्यंत सगळे प्रांत आत होते.

इथे एक तुलना ध्यानात घेण्यासारखी आहे. १९७० च्या सुमारास कॅनडा आणि अमेरिका दोघेही राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ७ टक्के आरोग्यावर खर्च करत होते. त्यानंतर अमेरिका १७ टक्क्यांच्या आसपास पोचली, कॅनडा १२ च्या. कॅनेडियन माणूस कर जास्त भरतो यात शंका नाही. अमेरिकन माणूस तेच पैसे आणि वर आणखी काही विमाकंपनीला, मालकाच्या हातून किंवा स्वतःच्या खिशातून देतो. त्याच्या करपावतीवर ते दिसत नाहीत एवढंच. कर वाढले का, असं विचारलं तर सस्कॅचवानमध्ये ते १९१६, १९४७, १९५०, १९६२ असे प्रत्येक टप्प्यावर वाढले. पण एकूण खर्च वाढला का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर वेगळं येतं.

राजकारण्यांना हे माहीत नसतं असं नाही, पण उघड बोलण्याचं धाडस फाइन्स-लॉइड यांच्यानंतर कमी झालं. ओंटारिओत डाल्टन मॅकगिंटी यांनी २००३ ची निवडणूक कर न वाढवण्याचं लेखी वचन देऊन जिंकली आणि २००४ च्या पहिल्याच अर्थसंकल्पात ‘आरोग्य हप्ता’ आणला. उत्पन्नानुसार वर्षाला शून्य ते ९०० डॉलर, वसुली प्राप्तिकराबरोबर. हप्ता म्हणा की कर, लोकांनी त्यांना त्यावरून अनेक वर्षं छळलं. ब्रिटिश कोलंबियाने उलटी वाट धरली: २०२० पासून तिथली घरटी वर्गणी बंद झाली, तिच्या जागी मोठ्या मालकांच्या पगारखर्चावर कर आला.

आणि अजून बरंच काही बाहेरच आहे. रुग्णालय आणि डॉक्टर यांच्यापुढे १९६२ ची योजना गेली नाही. रुग्णालयाबाहेर घ्यायची औषधं, दात, चष्मे यांचा खर्च कॅनडात अनेकांना अजून खिशातून किंवा मालकाने दिलेल्या विम्यातून करावा लागतो. औषधांचाही समावेश करा, असं हॉल आयोगाने १९६४ मध्येच सांगितलं होतं. त्यासाठीचा केंद्रीय कायदा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. सुरुवात मधुमेहाची औषधं आणि गर्भनिरोधकं यांच्यापासून, तीही ज्या प्रांताशी करार होईल तिथेच. कोण किती पैसे घालणार यावर ओटावा आणि प्रांत पुन्हा एकेक करून टेबलाशी बसले.